यासुजिरो ओझूचे पिक्चर ओळीने बघायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या हिवाळ्यात मी ओझूचे मिळाले तेवढे सगळे पिक्चर सालाप्रमाणे ओळीने बघितले, 1929 पासून ते 1962 पर्यंत, आठवड्याला दोन-तीन असे. तेव्हापासून मित्रमंडळी, ऑफिसातले, नात्यातले, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहून काढली. लांबलंय बरंच, जो प्रश्न तुमचा असेल तिथून वाचा.

ओझू नक्की कोण?

जपानी दिग्दर्शक. जन्म 12 डिसेंबर 1903, टोकियोच्या फुकागावा भागात, वडील खताचे व्यापारी. हा नऊ-दहा वर्षांचा असताना आई मुलांना घेऊन वडिलांच्या मूळ गावी, मिए प्रांतातल्या मात्सुसाकाला राहायला गेली आणि वडील धंद्यासाठी टोकियोतच थांबले. म्हणजे शाळेची सगळी वर्षं बाप लांबच. पुढे जन्मभर हा माणूस बापांवर पिक्चर काढत राहिला, त्याचं मूळ मला तरी इथे दिसतं. 1923 ला शोचिकू या पिक्चर काढणाऱ्या कंपनीत असिस्टंट कॅमेरामन म्हणून लागला, 1927 ला पहिला पिक्चर केला, आणि 12 डिसेंबर 1963 ला, बरोबर साठाव्या वाढदिवशी, कॅन्सरने गेला. लग्न केलं नाही, आई होती तोवर आईबरोबर राहिला. किता-कामाकुराच्या एन्गाकुजी देवळात त्याची कबर आहे, त्या दगडावर नाव नाही, फक्त एक अक्षर कोरलंय, 'मू'. म्हणजे काही नाही, शून्य.

एकूण किती पिक्चर आणि आज किती बघता येतात?

साधारण 54 केले, त्यातले 36 च्या आसपास शिल्लक आहेत, काही तुकड्यातुकड्यांत. गेले ते बहुतेक मूकपट, पहिलावहिलाही गेलाच. युद्धानंतरचे 15 मात्र पूर्ण आहेत आणि बऱ्याच जणांच्या चांगल्या रिस्टोअर केलेल्या प्रिंट आल्यात. जुनी, पावसासारख्या रेघा पडलेली प्रिंट बघून ओझू आवडला नाही असं म्हणू नका, विशेषतः रंगीत पिक्चरांच्या बाबतीत.

सुरुवात कुठून करू?

सगळे 'टोकियो स्टोरी'कडे बोट दाखवतात, मी नाही दाखवत. आधी 'ओहायो' बघा, 1959 चा, इंग्रजीत 'गुड मॉर्निंग', दीड तासाचा आहे. दोन भावांना घरात टीव्ही हवाय, बाप ओरडतो की फार बडबड करता, गप्प बसा, आणि थोरला उलटून म्हणतो की मोठी माणसं तरी काय बोलतात, गुड मॉर्निंग, हवा छान आहे, कुठे निघालात, नुसती वायफळ बडबड. मग दोघं मौनव्रत धरतात, घरात नाही, शाळेत नाही, शेजारणीशीही नाही, आणि त्यावरून सगळ्या आळीत गैरसमज पसरतात. पादण्याचे विनोदही आहेत, भरपूर आहेत. आणि शेवटी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर एकमेकांवर जीव असलेली दोन तरुण माणसं उभी असतात आणि फक्त हवेबद्दल आणि ढगांबद्दल बोलतात, दुसरं काही बोलायचं धाडस होत नाही म्हणून. ज्या बोलण्याला पोरं वायफळ म्हणत होती त्याच बोलण्याने तुमच्या पोटात कालवतं. हे जमलं की मग 'बान्शुन' म्हणजे 'लेट स्प्रिंग', 1949, आणि त्यानंतर 'टोकियो स्टोरी'.

काहीच घडत नाही म्हणतात. बोअर होईल का?

घडतं हो, खूप घडतं, फक्त आपण ज्याची वाट बघत बसतो ते तो दाखवत नाही. 'लेट स्प्रिंग' अख्खा मुलीच्या लग्नावर आहे, स्थळ येतं, आत्याबाई मागे लागतात, मुलगी नाही नाही म्हणते, आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या दिवसांसारखंच सगळं, पण तो नवरा मुलगा आपल्याला एकदाही दिसत नाही आणि लग्नही दिसत नाही. मुलगी नवरीच्या पोशाखात तयार होऊन बसते, वडिलांना वाकून नमस्कार करते, आणि पुढच्या सीनमध्ये वडील लग्न लागल्यानंतर एका बारमध्ये बसलेले. मधलं सगळं गाळलेलं. कारण लग्न ही त्याची गोष्टच नव्हती, लग्नानंतर जे घर उरतं ती त्याची गोष्ट.

पहिली वीस मिनिटं जड जातात हे खरं, नावं कळत नाहीत, कोण कोणाचं कोण हे कळत नाही. तेवढी जाऊ द्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

ओझू म्हणजे एकदम शांत, ध्यानासारखं असं ऐकलंय, खरंय?

यावर माझं म्हणणं लोकांना पटत नाही तरी सांगतो. ओझू शांत नाही. फ्रेम शांत असते, आवाज चढत नाही, पण आत जे चाललेलं असतं ते फार कठोर आहे, आणि ओळीने बघितलं की हे लख्ख दिसतं. 1948 चा 'अ हेन इन द विंड' घ्या. नवरा युद्धावरून परतलेला नाही, मूल आजारी पडतं, हॉस्पिटलच्या बिलाला पैसे नाहीत, बाई एक रात्र शरीर विकते. नवरा परत येतो, तिच्याच तोंडून त्याला कळतं, आणि भांडणात तो तिला ढकलतो, ती जिन्यावरून गडगडत खालपर्यंत येते. कॅमेरा हलत नाही, तिला उचलायला कोणी येत नाही, ती स्वतः कशीबशी उठते. 1957 च्या 'टोकियो ट्वायलाइट'मध्ये गर्भपात आहे, मुलांना सोडून गेलेली आई आहे, एका मुलीचा मृत्यू आहे, पूर्ण पिक्चरभर थंडी आणि रात्र. तो त्याचा शेवटचा ब्लॅक अँड व्हाइट.

म्हणून मनाला शांती हवी म्हणून ओझूकडे जाणाऱ्यांना मी सांगतो की जा जरूर, पण तो गोंजारणार नाहीये. त्याच्या प्रत्येक घरात कोणीतरी काहीतरी कायमचं सोडून देतं आणि वर हसतं. ते हसू म्हणजे शांती नाही.

कॅमेरा सारखा खाली जमिनीवर का?

चटईवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेतून असं सगळे सांगतात, पण खरं तर त्याहूनही खाली असतो. ऑफिसात, बारमध्ये, जिथे सगळे खुर्चीवर बसलेत तिथेही तेवढाच खाली, म्हणजे ती कोणा बसलेल्या माणसाची नजर नाही, ती ओझूची नजर आहे. त्याने खोली कप्प्याकप्प्यांची दिसते, दारामागे दार, त्यामागे पॅसेज, आणि माणसं त्या चौकटींतून आत-बाहेर करत राहतात. कॅमेरामन युहारू आत्सुता वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर होता, लेन्स जवळपास कायम 50 मिलिमीटरची. कॅमेरा हलवणंही त्याने कमी कमी करत आणलं, 'टोकियो स्टोरी'त अगदी मोजक्या ठिकाणी हलतो आणि रंगीत पिक्चरांत तर हलतच नाही.

आणखी एक, बोलणारी माणसं जवळपास थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, शिकवलेले नियम मोडून. सुरुवातीला खटकतं, मग लक्षात येतं की समोरच्याच्या जागी आपल्यालाच बसवलंय.

मध्येच वाळत घातलेले कपडे, चिमण्या, ट्रेन, रिकामा पॅसेज, हे काय असतं?

अभ्यासक त्याला पिलो शॉट म्हणतात. गोष्ट थांबते आणि जग चालू राहतं, एवढंच. अर्थ शोधत बसू नका, नुसतं बघा, आणि त्या खोलीत मघाशी कोण बसलं होतं ते आठवा.

'टोकियो स्टोरी'चं एवढं काय आहे?

1953 चा आहे, दोन तास सोळा मिनिटं. 2012 मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांकडून मतं मागवली तेव्हा हा पहिला आला होता. गोष्ट इतकीच की ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे येतात, मोठा मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्युटी पार्लर, दोघांनाही वेळ नाही, मग त्यांना आतामीच्या एका गोंगाटाच्या हॉटेलात पाठवून देतात. खरी काळजी घेते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको. म्हातारी घरी परतते आणि जाते.

हा मी माझ्या आईबरोबर बघितला. तिला इंग्रजी सबटायटल भराभर वाचता येत नाहीत म्हणून मी मराठीत मोठ्याने वाचत होतो. एक सीन आहे, जावई सासू-सासऱ्यांसाठी केक घेऊन येतो आणि मुलगी शिगे म्हणते की एवढे महागाचे कशाला, त्यांना साधं काही चाललं असतं, आणि हे म्हणता म्हणता स्वतः एक तोंडात टाकते. हारुको सुगीमुरा नावाची नटी आहे, ती हे इतक्या सहज करते की तिने काही केलंय असं वाटतच नाही. आई म्हणाली, "थांब जरा, मागे घे." परत बघितलं. मग म्हणाली, "वाईट नाहीये रे ती, दुकान चालवते, दमलेली आहे." मी इतकी वर्षं शिगेला व्हिलन समजत होतो आणि आईने एका वाक्यात ते मोडलं. पुढे आई अत्यवस्थ असल्याचं कळून शिगे निघते तेव्हा आधीच सुतकाचे कपडे बांधून आणते, विधी उरकल्यावर जेवताना आठवणीसाठी म्हणून आईचा किमोनो मागते, आणि त्याच बाईला त्याआधी आई गेली तेव्हा ढसाढसा रडताना आपण पाहिलेलं असतं. दोन्ही खरं. ओझू कुणालाच दोषी ठरवत नाही, आणि त्यामुळे आपल्याला लपायला जागा राहत नाही.

दुसरा सीन नोरिकोच्या खोलीतला. छोटी भाड्याची खोली, सासू-सासरे आलेत, घरात काहीच नाही, तर ती शेजारणीकडे जाऊन साके, म्हणजे तांदळाची दारू, मागते, मग परत जाऊन प्याला मागते. शेजारीण बाळ झोपवत असते, हसत देते. दोन मिनिटांचा सीन, पण टोकियोतल्या पोटच्या मुलांच्या घरी जे मिळालं नाही ते या उसन्या प्याल्यात मिळतं.

आणि नोरिकोला देवी करून टाकू नका, हे महत्त्वाचं. शेवटी सासरे तिला सासूचं घड्याळ देतात, तू चांगली आहेस म्हणतात, तेव्हा ती म्हणते की नाही, मी तशी नाही, कित्येक दिवस असे जातात की मला माझ्या नवऱ्याची आठवणही येत नाही. आठ वर्षं ही बाई मेलेल्या नवऱ्याचा फोटो खोलीत ठेवून हसत आली आणि आता पहिल्यांदा खरं बोलते. तिथे ती रडते, आणि माझं दर वेळी तिथेच होतं.

नोरिको तीन पिक्चरमध्ये आहे, ती एकच बाई आहे का?

नाही. 'लेट स्प्रिंग' (1949), 'अर्ली समर' (1951) आणि 'टोकियो स्टोरी' (1953), तिन्हींत सेत्सुको हारा ही नटी आहे आणि तिन्हींत नाव नोरिको, पण बायका तीन वेगळ्या. पहिली बापासाठी लग्न टाळते, दुसरी ऑफिसातल्या साहेबांनी आणलेलं, घरच्यांना पसंत असलेलं श्रीमंत स्थळ डावलून शेजारच्या मुलवाल्या विधुराला एका क्षणात हो म्हणते, तिसरी विधवा. हारा ओझूच्या सहा पिक्चरमध्ये आहे. ओळीने बघायचा सगळ्यात मोठा फायदा इथे मिळतो: 1960 च्या 'लेट ऑटम'मध्ये तीच हारा आईच्या भूमिकेत आहे आणि आता तिची मुलगी लग्न करून जाते. अकरा वर्षांपूर्वी बापाला सोडून गेलेली ती मुलगी आता स्वतः रिकाम्या घरात एकटी अंथरुणावर बसते. सुटा सुटा बघितला तर हा एक छान पिक्चर आहे, पण 'लेट स्प्रिंग' डोक्यात ताजा असेल तर श्वास अडकतो.

हाराने साठच्या दशकाच्या सुरुवातीला काम थांबवलं आणि 2015 मध्ये जाईपर्यंत कामाकुराला लोकांपासून लांब राहिली.

मूकपट बघायलाच हवेत का?

हवेतच. त्याशिवाय तो किती खट्याळ होता ते कळणार नाही. 1932 चा 'आय वॉज बॉर्न, बट...' तर लहान मुलांवरचा मी बघितलेला सगळ्यात खरा पिक्चर आहे. दोन भाऊ, नवीन वस्तीत आलेले, मारामाऱ्या करून गल्लीत वट बसवतात, माझे बाबा सगळ्यात भारी यावर त्यांचा विश्वास. मग साहेबांच्या घरी घरगुती फिल्म दाखवतात आणि पडद्यावर त्यांचे बाबा साहेबांना हसवायला माकडचेष्टा करताना दिसतात. सगळे हसतात, ही दोघं उठून घरी जातात. घरी जाऊन विचारतात की तुम्ही त्यांच्यापुढे का वाकता, बाबा म्हणतात पगार देतात म्हणून, तर मुलगा म्हणतो मग पगार घेऊ नका. उपास धरतात. सकाळी आई भाताचे गोळे करते, बाबा अंगणात त्यांच्या शेजारी येऊन बसतात आणि तिघं मिळून खातात. काही सुटत नाही, पण भूक लागते. किनेमा जुंपो या नियतकालिकाने 1932, 33 आणि 34 अशी सलग तीन वर्षं ओझूचाच पिक्चर पहिला ठरवला, त्यातला पहिला हा.

बोलपट त्याने 1936 ला, बराच उशिरा केला, 'द ओन्ली सन'. रेशमाच्या गिरणीत राबून मुलाला शिकवलेली आई टोकियोला त्याला भेटायला येते आणि तो रात्रशाळेत मास्तर निघतो. मुलाकडे पैसे नाहीत, तरी तो उसने आणून आईला फिरवतो. शेवटी गिरणीत ती मैत्रिणीला सांगते की मुलगा मोठा माणूस झालाय, आणि मग मागच्या अंगणात एकटी जाऊन बसते.

युद्धात ओझू काय करत होता?

हे टाळू नये असं मला वाटतं. सप्टेंबर 1937 ते 1939 तो चीनमध्ये जपानी फौजेत होता आणि त्याच्या तुकडीकडे विषारी वायूचं काम होतं. त्याचा मित्र, फार मोठा होऊ शकला असता असा दिग्दर्शक सादाओ यामानाका, तिथेच 1938 मध्ये आजाराने गेला, वय फक्त 28. 1943 मध्ये ओझूला सिंगापूरला पाठवलं, आणि आपल्याशी संबंध असा की तिथे त्याच्याकडे आझाद हिंद फौजेवरच्या, 'चलो दिल्ली'च्या घोषणेवरच्या प्रचारपटाचं काम होतं. तो झालाच नाही. त्या काळात त्याने जप्त केलेले अमेरिकन पिक्चर बसून बघितले, 'सिटिझन केन' त्यातच, आणि 1946 ला घरी आला.

पडद्यावर त्याने लढाई कधी दाखवली नाही. पण युद्धानंतरचे पिक्चर ओळीने बघताना मी वहीत खुणा करत गेलो: 'लेट स्प्रिंग'मधल्या नोरिकोची तब्येत युद्धातल्या सक्तीच्या कामाने बिघडलेली, 'अर्ली समर'मध्ये एक मुलगा परत आलेलाच नाही आणि आई रेडिओवर बेपत्ता लोकांची नावं ऐकते, 'टोकियो स्टोरी'त नवरा गेलेला, 1947 च्या 'रेकॉर्ड ऑफ अ टेनमेंट जेंटलमन'च्या शेवटी टोकियोतल्या उएनो बागेतल्या पुतळ्याभोवती बेघर पोरं बसलेली. घराघरात एक जागा रिकामी. चीनमध्ये जे केलं त्याबद्दल मात्र या पिक्चरांत काही नाही, आणि तीही रिकामी जागाच आहे. माझं प्रेम आहे या माणसावर, तरीही हे मला टोचतं.

रंगीत पिक्चरमधली ती लाल किटली काय प्रकार आहे?

1958 चा 'इक्विनॉक्स फ्लॉवर' हा पहिला रंगीत. आग्फा या जर्मन कंपनीची फिल्म वापरली कारण तिच्यातला लाल त्याला आवडायचा. किटली दर शॉटमध्ये थोडी सरकलेली असते, कंटिन्युइटीसाठी नाही तर फ्रेममध्ये लाल कुठे हवा त्यासाठी. सहाही रंगीत पिक्चरमध्ये असं एखादं लाल शोधा, सापडतंच.

सगळे पिक्चर एकसारखे का वाटतात? नावंही लक्षात राहत नाहीत.

नावं खरंच घोळ घालतात, सगळीकडे वसंत, ग्रीष्म, शरद. वहीत साल लिहून ठेवा. नटही तेच, चिशू रियू तर जवळपास सगळ्यांत आहे, 'टोकियो स्टोरी'त सत्तरीचा म्हातारा केला तेव्हा तो पन्नाशीचाही नव्हता. स्क्रिप्ट पण बहुतेक कोगो नोदाबरोबर लिहिलेल्या, दोघं एकत्र राहून, साके पीत, महिनोन्महिने. सारखेपणाबद्दल तक्रार करण्याआधी दोन शेवट शेजारी ठेवून बघा, 'लेट स्प्रिंग'चा आणि शेवटच्या पिक्चरचा, खाली लिहिलंय.

'सेव्हन सामुराई'वाला कुरोसावा आवडतो, ओझू आवडेल का?

त्याची खात्री नाही देता येत, पण न आवडायचं कारणही नाही. फक्त लगेच पाठोपाठ बघू नका.

आईबाबांना दाखवू का? सबटायटलचं काय?

दाखवा, पण वाचून दाखवा. जपानीत आपल्यासारखीच आदराची भाषा आहे, इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्यांचं 'यू' होऊन जातं. मराठीत वाचताना सुनेच्या तोंडी आपोआप "तुम्ही दमला असाल, बसा ना" येतं आणि नातं लगेच जागेवर बसतं. म्हातारपणावरचा पिक्चर आईबाबांना दाखवताना मला धाकधूक होती, आईने ती ठेवली नाही, पण वडील मध्येच उठून गॅलरीत गेले, हेही सांगून ठेवतो.

शेवटचा पिक्चर कोणता? तो शेवटीच बघायचा का?

हो, शेवटीच. 1962 चा 'ॲन ऑटम आफ्टरनून', जपानी नाव 'सानमा नो आजी', म्हणजे सानमा माशाची चव. सानमा अख्ख्या पिक्चरमध्ये दिसत नाही. दिसतो तो दुसराच मासा, हामो. जुन्या विद्यार्थ्यांनी बोलावलेल्या जेवणात त्यांचे म्हातारे मास्तर तो खातात आणि विचारतात हा कुठला, कळल्यावर हवेत त्याचं अक्षर सांगतात, माशाच्या खुणेशेजारी 'समृद्धी'ची खूण. अक्षर जन्मभर शिकवलं, चव आज कळली. पुढे कळतं की या मास्तरांनी आपल्या सोयीसाठी मुलीचं लग्न होऊ दिलं नाही आणि आता ते नूडल्सचं दुकान चालवतात, मुलगी तिथेच प्रौढ झालीये. ते बघूनच नायक स्वतःच्या मुलीचं लग्न उरकायचं ठरवतो.

याची स्क्रिप्ट लिहीत असताना फेब्रुवारी 1962 मध्ये ओझूची आई गेली.

'लेट स्प्रिंग'मध्ये चिशू रियूचा बाप मुलीच्या लग्नाहून घरी येतो, सफरचंद सोलायला घेतो, साल लांब लांब होत जाते आणि तुटून पडते, त्याची मान खाली जाते. ओझूने तिथे हंबरडा फोडायला सांगितलं होतं, रियू म्हणाला मला जमणार नाही, आणि ओझूने ते सोडून दिलं. तेरा वर्षांनी पुन्हा तोच रियू, पुन्हा मुलीचं लग्न लावून आलेला बाप. या वेळी प्यायलेला. बसल्या बसल्या आरमाराच्या गाण्याची ओळ पुटपुटतो, कारण हा युद्धात जहाजाचा कॅप्टन होता. धाकटा मुलगा आतून ओरडतो की झोपा आता, उद्या सकाळचा भात मी करतो. मुलीची वरची खोली, आरसा, स्टूल, रिकामा जिना. मग बाप पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघरात जातो, किटलीतून स्वतःच ओतून घेतो, पितो, आणि आपल्याकडे अर्धवट पाठ करून खुर्चीवर बसतो.